जर्मनीत शनिवारी सकाळी भाजी कशी आणायची

लातूर-नांदेडकडची लई पोरं मास्टर्सला जर्मनीला निघायलेत आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, भाजीचं काय करायचं. तर बगा, शनिवारची सकाळ मोकळी ठेवा, कारण रविवारी इथं स्टेशनवरचं एखादं दुकान सोडलं तर सगळं बंद असतं, शनिवार हुकला की सोमवारपर्यंत मॅगी.

आधी चौकातल्या आठवडी बाजारात जा, तो बहुतेक गावात दुपारी एक-दोनला उठतो. घरून पिशवी न्या आणि सुट्टे पैसे ठेवा, लई जणं कार्ड घेत नाहीत. मालाला हात मात्र लावायचा नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारात आपण भेंडी मोडून, टमाटे दाबून घेतो, इथं नुसतं बोट दाखवायचं, विकणारा काढून देतो. भाव पाटीवर असतो, घासाघीस नको, पण बाजार उठायच्या टायमाला तेच लोक उरलेला माल स्वस्तात काढतात. ‘आइन फुंट’ म्हणलं की अर्धा किलो मिळतं, काकडी आन नवलकोल नगावर.

आता कामाची गोष्ट, शेपू मिळतो! डिल म्हणून मागा. फक्त हे लोक तो माशावर नाहीतर काकडीच्या कोशिंबिरीत चिमूटभर टाकतात म्हणून जुडी एवढीशी असते, भाजीला चार-पाच तरी घ्याव्या लागतात. लाल बारके मुळे पाल्यासकट घ्या, मुगाची डाळ घालून पाल्याची भाजी मस्त होते. नवलकोल घेताना पानं काढू का असं विचारतात, नाही म्हणा, कोवळी पानं कशाला सोडायची.

तिथून तुर्की दुकानात. कोथिंबीर, पुदिना, भेंडी तिथंच. कोथिंबिरीच्या शेजारी तशीच दिसणारी पार्सली ठेवलेली असते, वास घेतल्याबिगर उचलू नका. लांब पोपटी मिरची दिसायला झकास पण तिखट नाही, ठेच्यासाठी एशियन दुकानातली बारकी घ्या. तुरीची डाळ पण तिथंच मिळते, महाग पडते, तवर मसुरीवर भागवा, ती कुठल्याही सुपरमार्केटात असते. लातूरच्या माणसाला मसुरीचं वरण म्हणजे जरा अवघडच, पण खातंय माणूस.

सुपरमार्केटला शेवटी जा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सोबत न्या, चेपू नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागं २५ सेंट अनामत परत मिळते, दारापाशी मशीन असते तिच्यात टाका, चिठ्ठी निघते, ती बिलाच्या वेळी काउंटरवर द्या, तेवढे वजा होतात.