शिंगरू चावतंय, अंगावर येतंय? सोबत बदलून बघा

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून आणलेलं शिंगरू एकटं बांधलं की माणसालाच खेळगडी समजतं, चावतं, लाथा झाडतं. दुसरं शिंगरू आणून उपयोग नाही, दोघं मिळून धिंगाणाच. शांत पण खमकी, वयस्कर घोडी बघा, अगदी गरीब नको, तिने कान मागे पाडून दटावलं पाहिजे.

१. आधी काही दिवस मध्ये कुंपण ठेवा.
२. घोडीचे मागचे नाल काढून मग मोकळ्या रानात सोडा, कोपऱ्यात अडकेल अशी जागा नको.
३. चाऱ्याचे ढीग तीन, लांब लांब.

घोडीचा हलका चावा, फटका चालतो, लगेच मध्ये पडू नका. शिंगरू तोंड उघडझाप करतंय म्हणजे नमतंय.

फक्त नर वर्षाचा होत आला तर घोडी नको, खच्ची केलेला घोडा बघा, नाहीतर गाभण राहील.