तू प्रतिकार नाही, कच्चेपणा मोजलास

राहुरीला उद्यानविद्येत एम.एस्सी. करेपर्यंत मी सफरचंदाचं झाड पाहिलं नव्हतं. निळ्या बुरशीला दाद न देणारं सफरचंद पैदा करण्याच्या कामावर पीएच.डी. करायला अमेरिकेत आले आणि पहिल्याच हंगामात हातात काय पडलं, तर खिळा. फळाला काही मिलिमीटर खोल भोक पाडायचं, त्यात निळ्या बुरशीच्या, म्हणजे पेनिसिलियम एक्स्पान्समच्या, बीजाणूंच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि पाचेक दिवसांनी डाग केवढा पसरला ते मोजायचं. जनुकंबिनुकं नंतर. या कामाला यायचा विचार असेल, तर आधी हे ऐका.

ही बुरशी तोडणी-हाताळणीत पडलेल्या जखमेतून शिरते आणि कोल्ड स्टोरेजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहते. वर पॅट्युलिन नावाचं विष सोडते. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला 50 मायक्रोग्रॅम आहे. बुरशीनाशकांना ती काही ठिकाणी दाद देईनाशी झाली, म्हणून शोध रानटी नातेवाइकांपर्यंत गेला. बाजारातल्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज मालुस सिव्हर्साय कझाकस्तानच्या डोंगरांत वाढतो. 1989 ते 1996 दरम्यान अमेरिकी पथकांनी मध्य आशियातून त्याच्या बिया आणल्या. त्यांची झाडं न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी आहेत. त्यातल्याच एका झाडाशी रॉयल गाला या बाजारातल्या जातीचा संकर करून प्रतिकाराचा एक मोठा वाटा तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता माझी चूक. रानटी झाडांची फळं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पुढेमागे पिकतात. मी सोयीसाठी सप्टेंबरात एकाच दिवशी सगळी तोडली आणि टोचली. काही झाडांवर डाग जेमतेम उमटला. मी खूश! सरांनी तक्ता पाहिला, एक फळ कापून आयोडीनमध्ये बुडवलं. गर काळानिळा झाला, म्हणजे पिकताना ज्याची साखर होते तो स्टार्च आत तसाच होता. "तू प्रतिकार नाही, कच्चेपणा मोजलास," म्हणाले. टणक, आंबट, कच्चं फळ बुरशीला आपसूकच जड जातं. वर्ष फुकट गेलं, कारण सफरचंद पुढच्या हंगामाशिवाय दुसरी संधी देत नाही.

तेव्हापासून झाडागणिक तोडणीची तारीख वेगळी. आयोडीन आणि गराचा टणकपणा मोजायचं यंत्र सतत खिशात. संख्याशास्त्र आधीच पक्कं करून या. पक्वतेचा परिणाम वेगळा काढता आला नाही, तर मार्कर, म्हणजे प्रतिकाराचं जनुक ओळखायची डीएनएवरची खूण, चुकीच्या जागी बसतो आणि पुढची रोपनिवड त्याच्यामागे वाहत जाते. शिडीवर चढायची लाज नको. छाटणी आणि कलम बांधणं आपल्याकडच्या आंब्याच्या कलमावर हात बसला असेल तर लवकर जमतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, हापूस-नीलमच्या संकरातली, साका (गर आतून खराब होण्याचा दोष) नसलेली रत्ना ही आंब्याची जात कशी आली, हे मी इथे दोनदा समजावून सांगितलंय; मुलाखतीतही तो विषय चालतो.

दिवाळीला घरी जायचा बेत करू नका. ऑक्टोबर अख्खा तोडणीत जातो, नोव्हेंबरात टोचलेल्या फळांचे डबे उघडायचे असतात आणि कुजक्या सफरचंदांचा मातकट वास कोटातून निघत नाही.

आणि घाई असेल तर दुसरं पीक बघा. बियांपासून वाढलेलं सफरचंद फुलायलाच पाच-सात वर्षं घेतं, आणि रानटी आंबटपणा, बारकी फळं घालवायला दोन-तीन पिढ्या लागतात. मार्करमुळे रोप दोन पानांवर असतानाच नको ती काढून टाकता येतात, एवढाच दिलासा. माझ्या पहिल्या संकरांची रोपं आत्ता कमरेएवढी आहेत.