लेण्यातला शिवकथेचा शिल्पपट वाचावा कसा

घारापुरीला किंवा वेरूळला गेलं की नजर आधी मधल्या भव्य शिवमूर्तीवर जाते आणि तिथेच खिळते. पण जटामुकुट, अलंकार, शांत चेहरा हे बहुतेक पटांत सारखंच असतं. कथा कोणती, हे पायाशी आणि कडेला कोरलेल्या लहान आकृती सांगतात. म्हणून शिल्पपट खालून वर वाचायची सवय लावून घ्यावी.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कैलासावर शेजारी बसलेले शिव-पार्वती. वरचा अर्धा भाग पाहून फसगत होते, कारण दोन वेगळ्या कथांत तो जवळपास एकच असतो. खाली नंदी आणि त्याची शेपटी ओढणारे, त्याला छळणारे गण दिसले, तर वर सारीपाटाचा डाव चालला आहे, ती अक्षक्रीडा. खाली अनेक मुखांचा, वीस हातांचा रावण डोंगर उचलायला भिडलेला असेल, तर तो रावणानुग्रह, म्हणजे कैलास हलवणाऱ्या रावणाला शिवाने आधी दाबून मग कृपा केल्याची कथा. घारापुरीच्या पूर्वेकडच्या बाजूला कैलासावरचे शिव-पार्वती आणि रावणानुग्रह हे पट समोरासमोर आहेत. दोन्ही बरेच भग्न आहेत, पण खालचा भाग आधी पाहणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी पट पूर्ण नजरेत मावेल इतकं मागे सरा. मग डावं-उजवं ठरवा: ते नेहमी मूर्तीचं धरायचं, आपलं नाही. वर्णन वाचून शिल्प शोधताना सर्वाधिक चुका इथेच होतात. त्यानंतर पायाशी काय आहे, पाय जमिनीवर आहेत की नृत्यात किंवा युद्धात उचललेले, हे पाहा. हात सर्वांत शेवटी. हात तुटलेले असतील तर दंड खांद्यापासून किती फुटले आहेत ते मोजा आणि प्रत्येक दंड कुठल्या दिशेला गेला आहे ते बघा. आयुधाचं टोक कधी कधी मागच्या भिंतीला चिकटलेलं उरतं. विजेरी समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. ती बाजूने, भिंतीलगत तिरपी धरली की झिजलेली बोटंसुद्धा सावलीमुळे उठून दिसतात.

गजचर्म दिसलं की घाईने ‘गजासुरवध’ म्हणू नये. अंधकासुरवधातही शिव हत्तीचं कातडं मागे ताणून धरतो. फरक त्रिशूळात आहे: त्यावर असुर टोचलेला असेल आणि त्याच्याखाली रक्त झेलायला वाटी धरलेली असेल, तर तो अंधक. वाटी कशासाठी? अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा असुर उभा राहतो. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात तर हाडांचा सापळा झालेली काली खाली रक्तासाठी टपून बसली आहे. गजासुरवधात मात्र शिव बहुधा हत्तीच्या मस्तकावर पाय रोवून नाचत असतो.

बाकीच्या कथा लवकर ओळखू येतात. लिंगाला मिठी मारलेला मुलगा आणि लाथ खाणारा यम: मार्कंडेय. स्तंभाच्या खाली उकरत जाणारा वराहरूपी विष्णू आणि वर जाणारा ब्रह्मा: लिंगोद्भव. रथावर धनुर्धारी शिव आणि सारथ्य करणारा ब्रह्मा: त्रिपुरांतक. जटेवर उतरणारी स्त्री आणि पायाशी तप करणारा भगीरथ: गंगाधर. घारापुरीला ही गंगा तीन मुखांची आहे.

घारापुरीच्या कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाच्या पटापाशी मात्र रेंगाळा. पत्नीला आपण वामांगी म्हणतो, आणि एरवी पार्वती शिवाच्या डाव्या बाजूलाच असते. इथे ती उजवीकडे उभी आहे, कारण लग्नाचा विधी अजून पूर्ण व्हायचा आहे. जागा बदलली की वेळ कळते. खाली कोपऱ्यात ब्रह्मा पुरोहित होऊन बसला आहे. पार्वतीची मान किंचित झुकलेली आहे. एवढ्या मोठ्या दगडात लाज कोरलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पट चित्रकथेसारखा डावीकडून उजवीकडे वाचू नका. शिल्पकार बहुधा कथेतला एकच निर्णायक क्षण निवडतो, नाहीतर दोन क्षण एकाच चौकटीत बसवतो. त्रिविक्रमाच्या पटात अनेकदा बळीकडून दान घेणारा बटू वामन आणि आकाशाला पाय लावणारा विष्णू शेजारी शेजारी असतात. देव दोन नाहीत, वेळा दोन आहेत. याला अपवाद ओळींत कोरलेल्या पट्ट्यांचा. वेरूळच्या कैलास मंदिरात दक्षिणेला रामायण आणि उत्तरेला महाभारत असं ओळींत कोरलं आहे. तिथे एक प्रसंग पक्का ओळखा, उदाहरणार्थ सेतूसाठी दगड वाहणारे वानर, आणि त्याच्या मागेपुढे सरका.

त्याच दक्षिण बाजूला खाली रावणानुग्रह आहे. पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, तिची दासी पाठ फिरवून पळते आहे, आणि शिव नुसत्या पायाने डोंगर खाली दाबतो आहे. कथा रामायणाच्या उत्तरकांडातली. ती आधी वाचून जा, मालिकेत पाहिलेल्या कथेवर विसंबू नका; तिथले पोशाख आणि प्रसंग डोक्यात असले की शिल्पात नसलेलं दिसायला लागतं.

घारापुरी सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. घारापुरी आधी पाहून झाली असेल तर वेरूळला २९ क्रमांकाचं धुमार लेणं चुकवू नका. त्याची मांडणी घारापुरीच्या मुख्य लेण्याशी मिळतीजुळती आहे आणि अंधकासुरवध, रावणानुग्रह, अक्षक्रीडा, विवाह हे पट तिथेही आहेत. फलक न वाचता प्रत्येकाच्या पायथ्यापासून सुरुवात करा.