जाहिरात बदलण्याची घाई नको: छोट्या दुकानदारांनो, या चुका टाळा

सकाळी रद्दीवाला काय ओरडतो ते नीट ऐकूही येत नाही, तरी तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी पेपरांचा गठ्ठा बांधायला घेतं. रोज तोच सूर, तेच दोन शब्द. पुण्यातल्या नारायण पेठेत दुकानदारांना फ्लेक्स, पत्रकं आणि पाट्या करून देताना मला या हाळीची फार आठवण येते.

आपल्याला कंटाळा आला म्हणून मजकूर बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोथरूडमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू दर दोन महिन्यांनी नवा मजकूर घेऊन यायच्या. "तेच तेच बघून लोक कंटाळले असतील हो!" कंटाळल्या होत्या त्या काकू. दुकानदार आपली पाटी दिवसातून वीसदा बघतो. समोरून जाणारा माणूस आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही सिग्नल सुटता सुटता, ओझरती बघतो. नाव त्याच्या डोक्यात जरा रुजतंय, तोवर आपण ते उपटून टाकतो. शेवटी काकूंनी 'गरम पोळी, ११ ते २' एवढीच ओळ ठेवायचं कबूल केलं. वर्षभराने शेजारच्या सोसायटीतली मुलं त्यांना 'अकरा ते दोनवाल्या काकू' म्हणायला लागली.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अर्थहीन शब्द आणि चिनी लिपीसारखी चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही तब्बल २५ वेळा. जी जास्त वेळा दिसली, त्यांचा अर्थ चांगला असणार असं लोकांना वाटलं. कुणी काही पटवून दिलं नव्हतं. नुसत्या ओळखीने पसंती मिळाली.

गणपतीच्या दहा दिवसांत सगळे पैसे संपवणं

त्या दिवसांत लक्ष्मी रोडला नजर ठरेल अशी जागा उरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकतं. आरती आपण कधी पाठ करायला बसलो होतो? दरवर्षी कानावर पडत गेली. म्हणून एका मोठ्या फ्लेक्सऐवजी त्याच पैशांत वर्षभर दर महिन्याला एकच छोटं पत्रक पेपरात घाला. परवानगी नसलेला फ्लेक्स महापालिका उतरवते, तेव्हा तोही खर्च वाया जातो.

एका पाटीवर सगळं दुकान मांडणं

ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. तीन सेकंदांत नाव आणि एक गोष्ट वाचून होते, बाकीचं नाही. मालकाचा फोटो, चार फोन नंबर, सणाच्या शुभेच्छा, सगळं काढा.

नेमकं काय कायम ठेवायचं, हे न ठरवणं

अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६०च्या दशकापासून तीच आहे. विषय मात्र ताज्या बातमीप्रमाणे बदलतो. तुम्हीही नाव, रंग, अक्षरांचं वळण आणि एक ओळ पक्की करा. आंब्याचा मोसम असो की दिवाळी, बदल उरलेल्या कोपऱ्यात करा.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगतो. खोटं छापू नका. पुन्हा पुन्हा ऐकलेलं विधान लोकांना अधिक खरं वाटतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणून तर 'पुण्यात एक नंबर' असं उगीच लिहिणं मला गैर वाटतं. समोरच्याच्या विसरभोळेपणाचा तो गैरफायदा आहे.

तरीही गिऱ्हाईक येत नसेल तर

महिनाभर गल्ल्याजवळ वही ठेवा. आलेल्या प्रत्येकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" आणि लिहून ठेवा. आसपासच्या चार लोकांनाही दुकानाचं नाव विचारून बघा. नाव माहीत आहे पण येत नाहीत, तर जाहिरातीला हात लावू नका. भाव, वेळ, गाडी लावायची सोय तपासा. नावच माहीत नसेल, तर पाटीची जागा चुकली आहे किंवा शब्द जास्त झाले आहेत.

आणि फ्लेक्स उन्हाने पांढरट पडला, कोपरे फाटले, की लगेच बदला. नवा करताना जुन्याचा फोटो घेऊन या, म्हणजे तीच ओळ, तेच रंग आणि तीच अक्षरं उतरवता येतील.