नाक खुपसायच्या आधी: गल्लीत राहून मोकळं जगायचं आणि दुसऱ्याला जगू द्यायचं कसं

कोल्हापुरात माणूस एकटा पडत नाही हे आपण कॉलर टाईट करून सांगतो आणि ते खरंच आहे, रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी काढायला चार पोरं उभी, पंचगंगेचं पाणी चढलं की ओळख ना पाळख त्याच्या पण घरातली तिजोरी वरच्या मजल्यावर. पण हीच गल्ली दुसऱ्या दिवशी विचारते, पोरगी काल कुणाच्या गाडीवरनं आली, वर्गणी एवढीच का, पस्तिशी झाली तरी लग्न का नाही, नवीन भाडेकरूच्या घरातनं कसला वास येतोय. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला सरकार, पोलीस, कोर्ट आठवतं, रोजच्या जगण्यात मात्र वाट अडवणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो आणि तो मायेनं अडवतो, त्यामुळं त्याच्याशी भांडता पण येत नाही. म्हणून हे गाईड. कायद्याचं थोडं, वागण्याचं जास्त.

पहिला प्रश्न: ह्यो निर्णय कुणाचा?

कशावरही मत द्यायच्या आधी हे एकदा स्वतःला विचारायचं. समोरचा अठरा वर्षांच्या वर असंल तर काय खायचं, काय घालायचं, कुणाशी लग्न करायचं किंवा करायचंच नाही, देव मानायचा की नाही, नोकरी सोडून चित्रं काढत बसायचं, हे सगळं त्याचं. रस्ता, जिना, पाणी, गटार, आवाज, कचरा हे सगळ्यांचं, तिथं तुम्ही बोलू शकता आणि बोललंच पाहिजे. गंमत अशी की आपण नेमकं उलटं करतो. शेजाऱ्याच्या पोरीच्या जीन्सवर तासभर चर्चा, आणि घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर बॅरल अन कुंड्या मांडून पार्किंग अडवणाऱ्याला कोण काय बोलत नाही, कारण तो भावकीतला.

दुसरा प्रश्न त्याला जोडूनच. मला त्रास होतोय का मला आवडत नाही? डॉल्बीनं खिडकीच्या काचा थरथरतात, आत म्हातारा माणूस झोपलाय, हा त्रास. वरच्या मजल्यावर लग्न न करता दोघं राहतात, जिना स्वच्छ ठेवतात, भाडं वेळेवर देतात, तरी पोटात दुखतंय तर ते फक्त न आवडणं. दोन सज्ञान माणसं स्वतःच्या मर्जीनं एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच स्पष्ट केलंय. न आवडायचा हक्क तुम्हाला आहेच की, तुम्ही त्यांच्याकडं चहाला जाऊ नका, संपलं. पण घरमालकाला फोन करून कान भरायचे, जिन्यात अडवून "लग्नाचं सर्टिफिकेट दाखवा" म्हणायचं, हे तुमच्या हद्दीत येत नाही.

लग्न, म्हणजे खरी परीक्षा

इथंच सगळे पुरोगामी गडबडतात. भाषणात शाहू महाराज, घरात "आपल्यातलंच बघूया". महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली आणि नुसता कायदा करून थांबले नाहीत, स्वतःच्या चुलत बहिणीचं लग्न इंदूरच्या होळकर घराण्यात ठरवलं, म्हणजे मराठा-धनगर. त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

पोरापोरींसाठी आधी. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, मुलगा २१ चा आणि मुलगी १८ ची पूर्ण पाहिजे, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती ३० दिवस बोर्डावर लागते, मग तीन साक्षीदार घेऊन लग्न. नोटीस दिल्यापासनं तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा नवीन द्यायची. हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कायद्यातल्या मुद्द्यांवरच, म्हणजे आधीचं लग्न अजून शाबूत आहे, वय कमी आहे, दोघांचं नातं कायद्यानं लग्नाला मनाई असलेलं आहे, मानसिक स्थितीमुळं संमती देता येत नाही अशा. "पोरगा आमच्या जातीतला न्हाई" ही हरकत नव्हे. आईबापाची सही कायद्यात कुठंच मागितलेली नाही, कुणी मागितली तर कुठल्या कलमाखाली ते लेखी द्या म्हणायचं, आवाज न चढवता. जिवाची भीती वाटत असंल तर पोलिसांकडं संरक्षणाचा अर्ज करायचा, दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्या पंचायतीनं किंवा जमावानं आडवं यायचं नाही असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये सांगितलंय आणि अशा जोडप्यांना जपायची जबाबदारी पोलीस-प्रशासनावर टाकलीय.

आता आईबापांसाठी, कारण त्यांच्यासाठी कोणच लिहीत नाही. तुम्हाला नाराज व्हायचा पूर्ण हक्क आहे. लग्नाला जाऊ नका, खर्च करू नका, आमची इच्छा नव्हती असं तोंडावर सांगा, रडा. पण पोरीचा मोबाईल काढून घेणं, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं कपाटात कुलूपबंद करणं, मामाच्या गावाला नेऊन कोंडणं हे राग व्यक्त करणं नाही, सज्ञान माणसाला कोंडून ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. आणि पाहुणे काय म्हणतील म्हणून जे करताय ना, त्या पाहुण्यांना वर्षभरात दुसरा विषय मिळतोच.

गल्लीनं कुणाला वाळीत टाकलं तर

हे आता उघड होत नाही, गुपचूप होतं. आमंत्रणाच्या यादीतनं नाव गळतं, भजनी मंडळाच्या ग्रुपमधनं काढतात, पोरांना "त्यांच्यात खेळायला जाऊ नकोस". महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराच्या विरोधात स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासनं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे माहीत असू द्या, जातपंचायतीसमोर बसायची वेळ आली तर नुसता उल्लेख केला तरी बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

पण कायद्याच्या आधी एक इलाज आहे आणि तो आपल्याच गावचा. गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण जायना, तर महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले, सगळ्यांच्या देखत. एवढंच करायचं. ज्याला गल्लीनं टाकलंय त्याच्या दारात जाऊन खुर्ची टाकून बसायचं, संध्याकाळी, येणारा-जाणारा बघंल अशा वेळी. भाषण नको, मिटिंग नको. जरा वजनदार माणूस, तालमीतला वस्ताद नाहीतर शाळेतले रिटायर सर असं कोण जाऊन बसलं की आठवड्यात हवा फिरते.

"आमचं ठरलंय" म्हणजे सगळ्यांचं ठरलंय असं नाही

मंडळाचं ठरलं, भावकीचं ठरलं, सोसायटीचं ठरलं. ठरू द्या. बहुमतानं मांडवाचा रंग ठरतो, कुणाच्या खिशातले पैसे ठरत नाहीत. वर्गणी ही इच्छेची गोष्ट आहे, आणि गोळा करायला मंडळानं धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. द्यायची नसंल तर सरळ सांगा, "यंदा जमणार न्हाई भावा", कारण सांगत बसू नका, कारण दिलं की त्याच्यावर वाद घालायला जागा मिळते. द्यायची असंल तर पावती घ्या. पावती न देता धमकी देणारा कार्यकर्ता नव्हे.

आरतीला टाळ्या न वाजवणारा, नमाजाला न जाणारा, चर्च सोडलेला, कशालाच न मानणारा, हा पण गल्लीतच राहणार. केरळातल्या तीन शाळकरी पोरांची केस आहे, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळं गायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये परत घ्यायला लावलं. गप्प उभं राहणाऱ्यानं कुणाचं काय बिघडवलं नव्हतं. आपल्या मांडवात पण हाच हिशेब लावायचा.

ठरावानं चांगलं पण होतं, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनी पण हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. मला यातलं काय आवडलं तर इथं बहुमतानं एका बाईवरची सक्ती उचलली. फक्त आता उत्साहाच्या भरात "तू कुंकू लावलंच पाहिजेस" म्हणून मागं लागू नका, नाही लावायचं वाटलं तर ते पण तिचंच.

आवाज

नियम सोपा आहे, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत देता येते, बाकी नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र जाहीर झालेला असंल तर तिथं आणखी कमी, म्हणजे सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूनं मिरवणूक नेताना स्पीकरच्या भिंती लावायचा विचार पण करायचा नाही. आणि मोजमाप सगळ्यांना एकच, गणपती, उरूस, जयंती, हळद, प्रचारसभा. "त्यांचा चालतो मग आमचा का नको" ह्या वादात दोघांचा पण वाढत जातो आणि मधल्या घरातला बारावीचा पोरगा कानात कापूस घालून बसतो.

तक्रार करायची असंल तर विसर्जनाच्या रात्री दहाला भांडायला जाऊ नका, तेव्हा कोण ऐकायच्या अवस्थेत नसतं. मांडव पडायच्या आधी जावा, अध्यक्षाला एकट्याला गाठा, चौकात चारचौघांत नको, घरी कोण आजारी आहे ते सांगा. बऱ्याच वेळा तिथंच मिटतं, आपली पोरं दांडगी असली तरी दगडाच्या काळजाची नाहीत. नाहीच मिटलं तर पोलिसांना ११२ नंबरवर फोन. तुम्ही मंडळात असाल तर मिरवणुकीचा रस्ता आधी एकदा चालत बघून या, कुठं तान्हं बाळ आहे, कुठं नुकतंच बायपास झालेलं माणूस आहे ते विचारून घ्या आणि त्या घरांसमोर ढोल-ताशा हळू, डॉल्बी बंद. लेझर लाईट तर आणूच नका, डोळे जातात.

स्टेटस, फोटो, कॅमेरा

जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरनं आपल्या शहरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. बंद, दगडफेक, लाठीमार, नेट बंद. स्टेटस खटकलं तर काय करायचं? स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि वेळ दिसंल असा, पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, आणि पुढं फॉरवर्ड करू नका, "बघा ह्यानं काय टाकलंय" म्हणून पाठवला की तुम्हीच तो पसरवताय. दगड ज्या दुकानावर पडतो त्या दुकानदारानं स्टेटस ठेवलेलं नसतं. दुसऱ्या बाजूनं, तुम्ही ठेवणार असाल तर लक्षात घ्या, नुसतं कुणाला राग आला म्हणून पोस्ट गुन्हा ठरत नाही, आयटी कायद्यातलं ६६ अ कलम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण दोन समाजांत तेढ लावणारं लिहिणं आजही गुन्हाच आहे. टीका विचारांवर, धोरणावर, पुढाऱ्यावर करा, खुशाल करा. जमातीवर नको.

रंकाळा तलावावर बसलेल्या जोडप्यांचे व्हिडिओ काढणारी पोरं, तुमच्यासाठी वेगळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलंय. कुणाला अडवून "घरचा नंबर दे" म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. आणि जोडप्यांनो, कोण अडवलंच तर मोबाईल हातात देऊ नका, घरचा नंबर देऊ नका, माणसं असतील तिथं चालत जावा, ११२ लावा. शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीकडं तोंड करून लावलेला सीसीटीव्ही पण ह्यातच आला, तो आपल्या दाराकडं फिरवा.

नाही कसं म्हणायचं

आपल्याकडं तोडून बोललं की माणूस कायमचा तुटतो, त्यामुळं गोड पण पक्कं. "काका, तुमचं ऐकलं, पण ह्याचं काय करायचं ते मी बघतो, बसा की, चहा टाकतो." एवढंच, आणि दुसऱ्यांदा विषय काढला तर तेच वाक्य तसंच्या तसं. वाक्य बदललं की त्यांना वाटतं अजून घासाघीस चाललीय. बायकांना हे जास्त जड जातं, सुनेनं "मी बघते" म्हटलं की उर्मट ठरते, म्हणून नवऱ्यानं तिथं गप्प बसायचं नाही, "तिचा निर्णय आहे" एवढं बोलायचं.

आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच तर थोडक्यात. अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकील मिळतो, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. बाईला साक्षीसाठी स्टेशनला बोलावता येत नाही, ती राहते तिथंच जबाब घ्यायचा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही स्टेशनला नोंदवून घ्यावाच लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावा, फोन १५१००, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. हायकोर्टासाठी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासनं सर्किट बेंच कोल्हापुरातच चालू आहे. अर्ज कुठलाही असू दे, दोन प्रती न्यायच्या, एकीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्यायची आणि ती कॉपी घरात न ठेवता एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीकडं ठेवायची.