घोड्याला लस दिली की तिथंच उभं राहून लिहून ठेवा

तीन वर्षांपूर्वी माझ्या घोडीच्या खुरात खिळा घुसला. डॉक्टर आले आणि पाय उचलायच्या आधीच त्यांनी विचारलं, टिटॅनसची लस कधी झालीये? आणि मला सांगता येईना. दिली होती हे नक्की, पण त्याला सहा महिने झाले की दीड वर्ष ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आता लसीचा पत्ताच नाही म्हटल्यावर ती झालीच नाही असं धरून चालावं लागतं, म्हणजे लसीसोबत अँटिटॉक्सिनही (टिटॅनसच्या विषावरची तयार प्रतिद्रव्यं) टोचावं लागतं, आणि त्या अँटिटॉक्सिनमुळे क्वचित का होईना पण काही आठवड्यांनी लिव्हर खराब होऊन घोडा दगावू शकतो. तारीख हाताशी असती तर नुसत्या बूस्टरवर भागलं असतं. घोडी बरी झाली, पण पुढचे दोन महिने मी रोज सकाळी तिचा ओठ वर करून हिरड्या पिवळ्या तर पडल्या नाहीत ना ते बघत होते. तेव्हापासून वही आहे.

आधी लसींचं बोलू. टिटॅनस म्हणजे धनुर्वात, त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतातच आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे ही लस घोडा तबेल्याबाहेर जात नसला तरी हवीच. पहिल्यांदा देताना २ डोस, मध्ये ४ ते ६ आठवडे, मग दरवर्षी एक. दुसरा डोस राहिला तर पहिल्याचा फारसा उपयोग नाही, आणि लोक नेमका तोच विसरतात. मोठी जखम झाली आणि शेवटच्या डोसला ६ महिन्यांच्या वर झाले असतील तर मध्येच बूस्टर द्यायचा. रेबीज वर्षातून एकदा, त्यात सूट नको, कारण एकदा लक्षणं दिसली की उपचार नाही आणि तो आपल्यालाही होऊ शकतो.

फ्लूची लस बाहेर जाणाऱ्या, शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्यांना लागते. एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांना तर शेवटचा डोस ६ महिने २१ दिवसांच्या आतला लागतो आणि तिथं पोचायच्या आधीच्या ७ दिवसांत लस चालत नाही, म्हणजे तारीख नीट लिहिलेली नसेल तर घोडा फिट असूनही अडकतो. गाभण घोडीला हर्पीसची लस ५व्या, ७व्या आणि ९व्या महिन्यात देतात, गर्भ पडू नये म्हणून. व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी तिला टिटॅनस वगैरेचा बूस्टर द्या, चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं, मग शिंगराच्या स्वतःच्या लसी ४ ते ६ महिन्यांचं झालं की सुरू होतात. डासांमुळे होणाऱ्या वेस्ट नाईलसारख्या आजारांच्या लसी लागतात की नाही ते तुमच्या भागावर आहे, ते डॉक्टरांनाच विचारा.

लसीच्या दिवशी आधी थर्मामीटर लावा. मोठ्या घोड्याचं साधारण ३७.२ ते ३८.३ डिग्री सेल्सिअस असतं, त्याच्या वर असेल किंवा घोडा मलूल वाटला तर डॉक्टरांशी बोलून लस पुढं ढकला. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची, बर्फाला थेट चिकटवायची नाही, मध्ये कापड गुंडाळा, गोठलेली बाटली सरळ टाकून द्या. सुई मानेच्या स्नायूत देतात. दोन लसी असतील तर एक डावीकडे एक उजवीकडे आणि कोणती कुठं ते लिहा, दुसऱ्या दिवशी गाठ आली तर कशामुळे ते लगेच कळतं. मान आखडली की घोड्याला खाली वाकून खाता येत नाही, माझी घोडी वैरणीजवळ जायची, मान थोडी खाली न्यायची आणि परत वर घ्यायची, मला वाटलं भूक मेली. बादली आणि वैरण छातीच्या उंचीला टांगली तर लगेच खायला लागली. दिवस-दोन दिवस किंचित ताप, सुस्ती चालते. पण अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, श्वास लागला तर लगेच डॉक्टर, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तरी हलू नका.

आणि त्याच अर्ध्या तासात लिहा!! बाटलीवरचा स्टिकर सोलून वहीत चिकटवा, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असतेच. शेजारी तारीख, कितवा डोस, कोणती बाजू, डॉक्टरांची सही, पुढची तारीख. संध्याकाळी लिहू म्हटलं की बाटली कचऱ्यात गेलेली असते.

प्रत्येक घोड्याची वही वेगळी. पहिल्या पानावर रंग, कपाळावरचा टिळा, कोणता पाय कुठपर्यंत पांढरा, भोवरे कुठं, मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो. खालीच त्याचं रोजचं नॉर्मल लिहा, आरामात उभा असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ च्या आसपास असतात, पण तुमच्या घोड्याचे स्वतःचे आकडे तीन-चार दिवस मोजून काढा, आजारपणात तेच कामाला येतात. वजनही लिहा: छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले ११८८०, म्हणजे अंदाजे किलो. जंताचं औषध अंदाजाने कमी दिलं तर जंत त्याला दाद देईनासे होतात, म्हणून हा खटाटोप. लिदीची तपासणी केली तर तो रिपोर्टही लावा. नाल, दात यांना एकेक ओळ पुरते.

पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि रिमाइंडर तारखेच्या दोन आठवडे आधीचा लावा, लस मागवायला वेळ जातो. घोडा विकला तर वही त्याच्याबरोबर द्या. आणि विकत घेताना वही नसेल तर "सगळं झालंय" या तोंडी शब्दावर जाऊ नका, डॉक्टरांशी बोलून पहिल्या डोसपासून सुरू करा आणि त्याच दिवशी नवीन वहीचं पहिलं पान भरा.