ट्रेकवरून येताना बसमध्ये फॉर्म वाटू नका: शाळेतल्या शाळेत छोटा अभ्यास कसा करायचा

आपल्या गोव्यात बऱ्याच हायस्कुलांत आता मुलांना ट्रेकला, कयाकिंगला नेतात, फुटबॉल तर आहेच, आणि पालकसभेत आपण छातीठोकपणे सांगतो की याने मुलांचा आत्मविश्वास वाढतो. कुणी विचारलं कशावरून, तर दाखवायला फक्त फोटो असतात. मी सत्तरी तालुक्यात पीटी शिकवतो, पहिल्यांदा आठवीच्या मुलांना केरीहून वाघेरीच्या डोंगरावर नेलं तेव्हा परतताना बसमध्येच आत्मविश्वास विचारणारे फॉर्म वाटले आणि बहुतेकांनी पाचपैकी पाचला गोल केला. मागच्या सीटवर एक मुलगी बूट काढून टाचेचा फोड दाबत बसलेली, तिनेपण पाचलाच गोल केला, शेजारणीने केलेला बघून. तीन आठवड्यांनी तीच मला म्हणाली, सर मी परत येणार नाही, चढताना पूर्ण वेळ भीती वाटत होती. म्हणजे आमचा तो आकडा साफ खोटा होता.

तर सगळ्यात महत्त्वाचं हे, की मोजायचं तीनदा. जायच्या आधी एक-दोन आठवडे, आल्यावर दोन आठवड्यांनी (त्या दिवशी नाही!), आणि मग तीन-चार महिन्यांनी. तिसरं मोजमाप कंटाळवाणं असतं, सगळे तिथेच सोडतात, पण खरी गोष्ट तिथेच कळते. 1997 मध्ये शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहसी शिक्षणावरचे 96 अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात कार्यक्रम संपताना सरासरी परिणाम 0.34 निघाला, म्हणजे ढोबळमानाने शंभरात पन्नासाव्या नंबरवर असलेलं मूल त्रेसष्टाव्यापर्यंत वर सरकतं, आणि नंतरच्या मोजमापात त्यात अजून 0.17 ची भर पडलेली. पण हुरळून जाऊ नका, त्यातच दिसलं की लांब चालणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम जास्त. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या अबरडोव्हीला आऊटवर्ड बाउंड ही साहसी शिक्षणाची शाळा सुरू केली तेव्हा कोर्स जवळपास महिनाभराचा असायचा. आपली ट्रेक एका दिवसाची, तेव्हा ते आकडे आपल्या अहवालात चिकटवायचे नाहीत.

तुलनेला दुसरा गट हवाच. आठवीतलं मूल चार महिन्यांत तसंही बदलतं, उंची वाढते, आवाज फुटतो, मित्र बदलतात, त्यातलं ट्रेकमुळे किती ते कसं कळणार? आम्ही आता चिठ्ठ्या टाकतो, अर्धी मुलं डिसेंबरात जातात, अर्धी नंतरच्या ट्रेकला, आणि दुसऱ्या गटाची पहिली दोन मोजमापं पहिल्या गटाबरोबरच होतात. (तिसऱ्या मोजमापापर्यंत तीपण जाऊन आलेली असतात, तेव्हा तुलना पहिल्या दोन मोजमापांपुरतीच धरायची.) कुणी कायमचं वगळलं जात नाही म्हणून पालकपण कुरकुर करत नाहीत. हौशी मुलांना आधी पाठवायचं मात्र नाही, ती आधीच धीट असतात. फॉर्म परीक्षेच्या आठवड्यात नको आणि गणेश चवथीच्या सुट्टीच्या तोंडावरपण नको.

प्रश्न काय विचारायचे यावर वेळ घाला. "तुझा आत्मविश्वास वाढला का?" असं विचारलं की मूल सरांना खूष करणारं उत्तर देतं. त्यापेक्षा घडलेलं विचारा: गेल्या आठवड्यात वर्गात न समजलेलं किती वेळा विचारलंस, संघात जागा मिळाली नाही तेव्हा काय केलंस, एकट्याने बस पकडून कुठे गेलास. रोझेनबर्गची 1965 ची स्वाभिमान मोजणारी दहा वाक्यं जगभर वापरतात, तीपण घेता येतात, पण भाषा बघा. आमची मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी-इंग्रजी, आणि "स्वतःविषयी आदर" वाचून एकाने विचारलेलं की सर, म्हणजे मोठ्यांच्या पाया पडायचं का. आधी चार-पाच मुलांना वाचायला द्या, अडखळलेलं वाक्य बदला, पण मग तो रोझेनबर्गचा फॉर्म म्हणून मिरवू नका. नावाऐवजी खुणेचा नंबर लिहायला सांगा, तिन्ही वेळा तोच.

परवानगी पालकांची लेखी घ्या आणि मुलाचीपण. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची, त्यावरच्या वयाला लेखी. नाही म्हणणाऱ्या मुलालाही ट्रेकला न्यायचंच, फॉर्म न भरणं ही शिक्षा होता कामा नये. वाट अभयारण्यातून जाणार असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी.

फुटबॉलवाल्यांसाठी एक गोष्ट, ही मला फार लागते. सरावाला वर्षभर टिकलेल्या मुलांना विचारून "खेळाने शिस्त येते" असं लिहितात, पण जून महिन्यात नाव घातलेली आणि चवथीनंतर दिसेनाशी झालेली मुलं त्यात नसतात. पहिल्या दिवसाचं रजिस्टर जपून ठेवा, सोडून गेलेल्याच्या घरी जाऊन का सोडलं ते विचारा. प्रत्येक मॅचला कोण किती मिनिटं खेळला तेपण लिहा, बाकावर बसून काढलेला सीझन आणि मैदानावर काढलेला सीझन एकच धरायचा नाही.

वीस-पंचवीस मुलांची सरासरी काढून काही खास कळत नाही. किती वर गेली, किती तिथेच राहिली, किती खाली आली, एवढं मोजा आणि खाली आलेल्यांची संख्या अहवालात पहिल्या पानावर टाका. मग तो कागद मुलांपुढेच ठेवा, मैदानावर गोल बसवून, आणि विचारा असं का झालं असेल. आमच्याकडे त्या फोडवाल्या मुलीनेच सांगितलं की पुढे चालणारे कधी मागे वळून बघतच नव्हते, तेव्हापासून सगळ्यात हळू चालणारं मूल आम्ही रांगेत पहिलं ठेवतो.